घर दुरुस्तीला काढताना
(वस्तीतील महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घरावरच्या हक्काविषयी आपण बरंच बोलत आलो. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली मिळाला. पण कागदावर नाव लागलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. पत्रे बदलायचे, न्हाणीघर बांधायचं ठरलं की ठेकेदार दारात येतो आणि आधी विचारतो, "घरात पुरुष माणूस कोण आहे?" एकट्या बाईला तर हा प्रश्न हमखास. तिने गटातून कर्ज काढलेलं असतं. निम्मे पैसे आधीच घेऊन मिस्त्री गायब होतो, हप्ते मात्र ती फेडत राहते. हे मी कामात वारंवार पाहते.

ओळखीचा आहे, नात्यातला आहे, एवढ्यावर काम देऊ नका. त्याने केलेली दोन-तीन कामं बघा. त्यातलं एक तरी पावसाळा काढलेलं असावं. तिथल्या बाईशी बोला. ठरलेल्या पैशांत काम झालं का? मध्येच सोडून गेला का? ती घरी एकटी असताना कसा वागला? हा शेवटचा प्रश्न पुरुष विचारत नाहीत, तो आपणच विचारायचा.

कामाची यादी आपण करायची आणि तीच तिघांना द्यायची, तरच दरांची तुलना होते. एखादा फारच कमी सांगत असेल तर काय काय धरलेलं नाही ते विचारा. दर मालासकट की नुसती मजुरी? राडारोडा कोण उचलणार?

मग साधा कागद करा. काम, माप, माल, मुदत, रक्कम आणि दोघांच्या सह्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, रोख दिले तर पावती घ्या. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख वाचा, तीन महिन्यांहून जुनं नको. न्हाणीघरात फरशी बसवण्याआधी चोवीस तास पाणी तुंबवून ठेवा. ओल फुटली नाही तरच पुढचा हप्ता. काही रक्कम काम पुरतं तपासेपर्यंत हातात ठेवा, आणि हेही कागदावर आधीच लिहा.

तरी फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. घरबांधणी ही सेवाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असंही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून माहिती मिळते. तिथे आपला कागद आणि पावत्याच कामी येतात.

आणि एक गोष्ट. त्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या बाईला तो किती मजुरी देतो, तेही विचारा. तेच काम करणाऱ्या गड्यापेक्षा तिला कमी मिळत असेल, तर आपलं घर तिच्या बुडालेल्या मजुरीवर उभं राहील.

प्रत्येक गटाने एक वही घालावी. आपल्या वस्तीत कोणी कसं काम केलं, किती पैसे घेतले, ते त्यात लिहावं. एकटीला फसवणं सोपं असतं. वही बाळगणाऱ्या वीसजणींच्या गटाला फसवणं तितकं सोपं नाही.