हिस्सा आणि बहिणीची सही

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सने 1955 मध्ये कुटुंबाची दोन कामे सांगितली: मुलांना घडवणे आणि मोठ्यांना भावनिक आधार देणे. एंगल्सने मात्र 1884 मध्येच कुटुंबाला मालमत्तेशी जोडले होते. आपल्या घरांत मला एंगल्स जास्त दिसतो.

कुरआनने मुलीला वारसाहक्क दिला. मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. (बरोबरीचा वाद आहेच, तो वेगळा.) तोही किती बहिणींच्या हाती पडतो? हक्कसोडपत्रावर सही होते, म्हणे माहेर टिकावे म्हणून. उद्या तलाक झाला तर ती त्याच माहेरी येणार, भावाच्या मर्जीवर.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला मुंबईत विधिमंडळावर गेल्या. मागणी कायद्याची होती. या निम्म्या हिश्श्यासाठी नवा कायदाही लागत नाही. भावाने कागद पुढे न करणे पुरते.