हलक्या काठीवरचा आळ

गळाची हलकी काठी मोडली की पहिला आळ येतो तो तिच्या हलकेपणावर. काडीच ती, मोडणार नाही तर काय, असं म्हणून मालक मोकळा होतो. खरा आरोपी मात्र बहुतेक वेळा काठावरच उभा असतो. मी बोलतो आहे ती फ्लोटची काठी. पाण्यावर मोरपिसाचा देठ किंवा बुचाचा तुकडा तरंगत ठेवायचा आणि तो कधी बुडतो याकडे डोळे लावून बसायचं, त्या छंदातली. इंग्लंडमध्ये ट्रेंटसारख्या नद्यांवर ती साधारण १३ फुटांची, तीन तुकड्यांची आणि वजनाला दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. पूर्वी वेताबांबूची असे, मग काचतंतूची झाली आणि १९७० नंतर हळूहळू कार्बनतंतूची. आता तशा काठ्या आपल्याकडेही विकत मिळतात, तेव्हा हा प्रश्न केवळ ट्रेंटकाठचा राहिलेला नाही.

कार्बनचा स्वभाव कळायला एक जुना प्रयोग पुरेसा आहे. १९६०च्या दशकात फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेत बळकट कार्बनतंतू करण्याची रीत बसवली गेली, आणि रोल्स-रॉइसने आरबी-२११ या इंजिनाच्या पंख्याची पाती त्या तंतूंची करायला घेतली. उडताना पक्षी धडकला तर काय होईल हे पाहण्यासाठी १९७० साली त्या पात्यांवर चक्क मेलेली कोंबडी डागली. पाती फुटली, आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ताण द्या, हा पदार्थ पोलादाला लाजवतो. आडवा टोला मात्र त्याला सोसत नाही. काठीचंही तेच. तिची भिंत कित्येक ठिकाणी मिलिमीटरभरही जाड नसते आणि तिच्यातला एकेक तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. दगडावर पडलेली काठी, गाडीच्या दारात चेपलेला शेंडा, घरी नेताना तंगुसावरच्या वजनाच्या मण्यांनी नळीवर धरलेला ठेका, यांतलं काहीही वरच्या रंगावर दिसेलच असं नाही. आत मात्र काही तंतू तुटलेले असतात. आज बसलेला टोला महिन्याने हिशेब चुकता करतो, तोही नेमका मासा लागलेला असताना, आणि बोल लागतो माशाला.

दुसरं कारण हाताच्या सवयीचं. बांबूच्या काठीने गरवणारा मासा लागताच हिसडा देतो आणि मासा डोक्यावरून मागच्या वाळूत आणून टाकतो. त्या काठीला ते शोभतं. फ्लोटच्या काठीचं काम वाकण्याचं आहे: शेंड्यापासून सुरू झालेला बाक माशाच्या ओढीबरोबर खाली बुडख्याकडे उतरला पाहिजे, म्हणजे ओझं सगळ्या लांबीवर वाटलं जातं. मासा पायाशी आलेला असताना काठी उभी करून मागे झुकवली, की सगळा बाक वरच्या वीतभर शेंड्यात गोळा होतो. तिथे नळी बोरूपेक्षाही बारीक असते. म्हणून शेवटच्या क्षणी काठीने उचलायचं नाही, आंबे उतरवायच्या झेल्यासारखं हातजाळं पाण्यात धरून मासा त्यावर ओढून घ्यायचा. गरी दगडात अडकली तर काठी सरळ अडकलेल्या जागेच्या रोखाने धरायची, तंगूस हाताला फडकं गुंडाळून ओढायची. आणि तंगूस काठीच्या कुवतीची हवी. ३ पौंडांची तंगूस ही घरातल्या फ्यूजसारखी आहे, आधी ती तुटावी हीच योजना. तिथे दुपटीतिपटीची जाड तंगूस भरणारा माणूस फ्यूजच्या जागी खिळा ठोकतो.

यावर कोणी म्हणेल, मग काठी जाडच का करत नाहीत? करता येते, पण १३ फुटांच्या टोकाला वाढलेलं थोडंसं वजनही मनगटाला दिवसभर जड जातं, आणि ताठ शेंडा बारीक गरी माशाच्या तोंडातून उपटून काढतो. हलकेपणा ही चैन नव्हे, त्या कामाची गरजच आहे. बांबू अधिक सोशीक हा आक्षेप मात्र मला निम्मा मान्य आहे. बांबू मार सोसतो, मोडण्याआधी कुरकुरतो आणि चिरला तर सुतळी गुंडाळून हंगाम निभावतो. कार्बनची काठी अशी सूचना देत नाही. कारखान्यातले दोषही असतात, नाकारून चालणार नाही. पण असा दोष बहुधा पहिल्या काही ओढींतच उघडा पडतो. दोन हंगाम नीट चाललेली काठी तिसऱ्यात सांध्याशी उभी चिरली, तर मी आधी सांधा पाहीन. वाळूचा कण आत राहिला होता का, जोड अर्धवट बसवून दिवसभर तशीच फेकली का? सांधा पुसून, हलका पीळ देत घट्ट बसवायचा. सोडवताना कड्यांना धरून पिळायचं नाही, कारण कडी आधी निखळते.

एका बाबतीत मात्र बांबूची सवय थेट जिवावर बेतते. कार्बनमधून वीज वाहते. कालव्याच्या किंवा खाडीच्या काठाने चालताना वर विजेच्या तारा असतील, तर काठी आधी सोडवून तिन्ही तुकडे आडवे हातात धरायचे, आणि तारांच्या आसपास गळ टाकायला बसायचंच नाही. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून तिच्यापासून दूर जायचं, मग फ्लोट बुडत का असेना.