देवनागरी पाटी आणि विनाइल कापणारे यंत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ज्यांना लोक सरसकट ‘रेडियमची दुकाने’ म्हणतात, तेथे पाठीला गोंद असलेल्या रंगीत विनाइलमधून अक्षरे कापणारे कटिंग प्लॉटर हे यंत्र असते; रेडियम या मूलद्रव्याशी मात्र या विनाइलचा काहीही संबंध नाही. विनाइलचा पट्टा रुळांखाली सरळ बसवला नाही, तर लांब पाटी कापताना तो तिरका सरकत जातो. पात्याचे टोक किती बाहेर काढावे आणि दाब किती द्यावा, हे आधी छोटा चौकोन कापून ठरवतात, कारण वरचा थर पूर्ण कापला जाऊन खालचा कागद अखंड राहणे हीच योग्य मांडणीची खूण होय. साध्या विनाइलला ४५ अंशांचे पाते पुरते. उसाच्या ट्रॉलीमागे लावायच्या जाड परावर्तक विनाइलला ६० अंशांचे पाते सोयीचे पडते.

देवनागरीची खरी कसोटी शिरोरेषेत आहे. संगणकात प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्र असल्याने, त्या जेथे एकमेकींवर चढतात तेथे पाते शिरोरेषाच चिरते. म्हणून शब्दातील सर्व आकार आधी एकजीव करणे, म्हणजेच ‘वेल्ड’ करणे, अत्यावश्यक ठरते. दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे महाराष्ट्राच्या २०२२ च्या कायदादुरुस्तीने ठरवल्यामुळे या कौशल्याचे मोल वाढले आहे. कापून झाल्यावर नको असलेले विनाइल चिमट्याने उचलताना सुटा अनुस्वार सहज निघून येतो, तेव्हा तो जपूनच चिकटफितीच्या साहाय्याने संपूर्ण शब्द पाटीवर उतरवावा लागतो.