वालाच्या मुळावरील गाठी
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु त्याच वर्गातील मुलाच्या वडिलांना भाताची पिवळी पडलेली रोपे पाहून युरियाचे पोते विकत आणावे लागते. डोक्यावर नत्राचा साठा आणि पायाखालची जमीन उपाशी, हा विरोध मुलांच्या ध्यानी आणून देणे हे आपल्या विज्ञानाच्या तासाचे खरे काम होय.

ताम्हिणीच्या भागात हा प्रश्न विशेष बिकट आहे. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत येथील घाटमाथ्यावर ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा पाऊस मातीबरोबर तिच्यातील विरघळलेले नत्रही धुऊन नेतो. ते दरवर्षी नव्याने भरून काढणे प्राप्त आहे.

भात निघाल्यावर खाचरातील ओलीवर वाल, हरभरा, मसूर घेण्याची रीत जुनीच आहे. तिच्यामागील कारण १८८६ साली हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकास देतात व पीक त्यांना साखर पुरविते. मात्र हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, वालाचे वेगळे. नव्या शेतात पेरताना बियाण्यास त्या त्या पिकाचे जिवाणू खत लावून ते सावलीत सुकवावे.

येथे एक सावधगिरी हवी. या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो. झाडे मुळासकट उपटून जाळली, तर जमिनीच्या पदरी फारसे काही पडत नाही. म्हणून झाड विळ्याने कापावे, मुळे जमिनीतच ठेवावीत, आणि पाला गुरांना घातल्यास त्यांचे शेण त्याच शेतात परत न्यावे.

मुलांना हे फळ्यावर सांगू नका. पीक फुलावर येताच त्यांना शेतात न्या व एक झाड मातीसह हलक्या हाताने खणून काढा. गाठ नखाने फोडावी. आत तांबूस रंग दिसला, तर तिचे काम चालू आहे; पांढरी वा हिरवट गाठ निकामी समजावी. बोटाने सहज सुटते ती जिवाणूंची गाठ. मूळच फुगलेले असेल, तर तो सूत्रकृमीचा रोग होय.

शेवटची अडचण मात्र शेताबाहेरची आहे. भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटली, की एकट्याने पेरलेला वाल टिकत नाही. राखणीचा निर्णय साऱ्या गावाने मिळून घ्यावा लागतो. पालकसभेत मुलांनीच ती तांबूस गाठ वडीलधाऱ्यांना फोडून दाखविली, तर त्या निर्णयाची बोलणी सुरू होतील. तेवढे आपल्या हाती आहे, आणि तेवढे आपण अवश्य करावे.