दीर्घकालीन शुश्रूषा आणि तिचा खर्च : काही गैरसमज

(प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



2011 च्या जनगणनेत गोव्यातील शेकडा 11 हून अधिक लोक साठी ओलांडलेले होते. देशाचे हेच प्रमाण शेकडा 8.6 होते. तरीही आजारपणाचा विचार आपण इस्पितळापुरताच करतो. वस्तुतः पक्षाघात, खुब्याचे मोडलेले हाड अथवा स्मृतिभ्रंश यांची खरी शुश्रूषा माणूस घरी आल्यावर सुरू होते आणि ती कित्येकदा वर्षानुवर्षे चालते. ती केवळ वार्धक्यातच लागते असेही नाही. माडावरून पडून ज्याच्या कण्याला इजा झाली, तो पाडेली तिशीतलाही असू शकतो.

"कार्ड आहे, सरकार भरील" असे अनेकजण म्हणतात. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाकाठी 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी उत्पन्नाची अटही राहिली नाही. परंतु हे संरक्षण इस्पितळातील उपचारांचे आहे. घरी परतल्यावर 15 दिवसांपर्यंतची औषधे त्यात येतात. न्हाऊ घालायला, भरवायला जे माणूस ठेवावे लागते, त्याचा पगार येत नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य हातभार लावते खरे. पण पूर्णवेळ परिचारिकेचा खर्च त्यातून भागणारा नाही.

"घरचेच माणूस करते, त्याला कसला खर्च?" हे विचारणारा बहुधा पुरुष असतो, एवढे नम्रपणे नमूद करतो. शय्याव्रण टाळायचे तर पडून असलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी, रात्रीदेखील, बदलावी लागते. त्यासाठी सुनेने नोकरी सोडली, तर तिचा बुडालेला पगार हाही खर्चच होय. तो हिशेबात धरून भावंडांनी आपापला वाटा आधीच ठरवावा.

सर्वांत घातक समज मालमत्तेविषयीचा आहे. घर मुलाच्या नावे केले की सांभाळ आपोआप होईल, या विश्वासाने बिनशर्त बक्षीसपत्र करून दिले जाते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 याच्या कलम 23 नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेचे हस्तांतरण, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. 2025 च्या निकालात न्यायालयाने अधिक उदार दृष्टी ठेवून एका आईला मालमत्ता परत देवविली. पण तेथेही सांभाळाचे वचनपत्र पुढे आलेले होते. तेव्हा अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे वाटेल म्हणून संकोच करू नये. विक्रीखतात चतुःसीमा लिहिताना आपण शेजाऱ्याचा संकोच करीत नाही.

याच कायद्याखाली दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अपत्य नसल्यास, ज्याच्याकडे आपली मालमत्ता आहे वा वारसाहक्काने जाणार आहे, अशा ऐपतदार नातेवाइकाकडूनही तो मागता येतो. अर्जदार स्वतः येऊ शकत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. चौकशीसाठी 14567 हा ज्येष्ठ नागरिकांचा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे.