अण्णांची फियाट आणि छोट्या हत्तीचं इंजिन

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञानातील संधी’ हा विषय दिला होता. त्यावर मी नोकरीत वर्षभर बोलते, आणि ऐकणारे वर्षभर जांभया देतात. आज वेगळं काहीतरी सांगते. सकाळी मैदानात शिरताना पिंपळाखाली उभी असलेली पांढरी फियाट तुम्ही पाहिली असेल. तिची ही गोष्ट आहे. शेवटी एक जुनं कर्जही फेडायचं आहे.

आमच्या अण्णांनी ती गाडी १९९७ साली उसाच्या बिलातून सेकंडहँड घेतली. प्रीमियर पद्मिनी. पण आपल्याकडे तिला पद्मिनी कोण म्हणतं? फियाटच. तिचं आपल्या तालुक्याशी नातं आहे, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांच्या नावानं आपलं वालचंदनगर उभं राहिलं, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. म्हणजे साखर आणि फियाट या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ट्रंक आणि गादीसह मला पुण्याला पोचवलं ते याच गाडीनं. भिगवणला एकदा आणि यवतला एकदा, अशी दोनदा रेडिएटरमध्ये पाणी ओतावं लागलं. अण्णा म्हणाले, “माणसाला तहान लागते, गाडीला लागली तर काय झालं?”

२०२० साली अण्णा गेले. गाडी गोठ्याच्या शेजारी तशीच उभी राहिली. टायर बसले, सीटखाली उंदरांनी घर केलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी आली. आईनं ती टीव्हीवर पाहिली आणि एवढंच म्हणाली, “आपली तरी चालू करा रे.”

दिवाळीला मी आणि भाऊ गाडी घेऊन गेलो ते थेट आपल्या मिस्त्रीकडे. त्याचं खरं नाव सांगत नाही, स्मरणिकेत छापू नका असं त्यानं बजावलंय. पण मागच्या बाकावर बसून कंपासच्या टोकानं घड्याळ उघडणारा मिस्त्री कोणाच्या लक्षात नाही? दहावीनंतर त्यानं शाळा सोडली. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आल्यावर आपल्या भागात आपे रिक्षा वाढल्या, आणि त्यांच्या दुरुस्तीवर यानं हात बसवला. आज बारामती-इंदापूर रस्त्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज आहे.

त्याच्याकडे अपघातात गेलेल्या एका छोट्या ट्रकचं इंजिन पडून होतं. ‘छोटा हत्ती’ तुम्हाला माहीत आहेच. २००५ साली आलेल्या पहिल्या टाटा एसचं इंजिन म्हणजे इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं जवळजवळ अर्धं होतं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. ते फियाटला पुरलंच नसतं. मिस्त्रीकडचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण पुढच्या पिढीचं होतं. ७९८ सीसी, कॉमन रेल, कॉम्प्युटरवर चालणारं. ताकद साधारण ४० अश्वशक्ती, म्हणजे फियाटच्या १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाएवढीच. ओढ मात्र सुमारे एक तृतीयांश जास्त, आणि तीही कमी फेऱ्यांना. शिवाय दोन्ही गाड्यांत इंजिन पुढं, उभं बसवलेलं आणि जोर मागच्या चाकांना. मला वाटलं, सोपं आहे. एक काढायचं, दुसरं ठेवायचं.

मिस्त्री हसला. म्हणाला, “आगं, गाडी पळवायचीय का थांबवायचीय, ते आधी ठरीव.” तेव्हा मला ते नेहमीचं मिस्त्रीछाप वाक्य वाटलं.

पहिले पंधरा दिवस त्याचे होते. फियाटचा गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जुळेना, बोल्टची भोकंच वेगळी. म्हणून ट्रकचाच गिअरबॉक्स घ्यावा लागला. मग फियाटचा स्टिअरिंगशेजारचा गिअरचा दांडा निरुपयोगी झाला, आणि फरशी कापून खाली दांडा आला. मागं जाणारा शाफ्ट लांबीला चुकला, तो लेथवर कापून पुन्हा तोलून घेतला. इंजिनाचं फाउंडेशन नवीन वेल्ड केलं. डिझेल इंजिन पेट्रोलइतक्या फेऱ्या घेत नाही, ४००० च्या आसपास दमतं. त्यामुळं फियाटच्या जुन्या डिफरन्शियलवर गाडी रस्त्याला पूर्वीइतकी पळणार नव्हती. एक वस्तू बदलायला गेलो आणि दहा बदलल्या.

मग माझी पाळी आली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. इंजिन काढताना कोणीतरी वायरिंग कापलं होतं. कोणत्या सेन्सरची तार कुठं जाते, हे शोधायला मला तीन दिवस लागले. लॅपटॉप ऑइलच्या डब्यावर आणि मी खाली पोत्यावर. चौथ्या दिवशी इंजिन पेटलं, तर ॲक्सिलरेटर दाबूनही फेऱ्या वाढेनात. फियाटच्या पेडलला लोखंडी सळी. नव्या इंजिनाला मात्र सळी नको, निरोप हवा. त्याच्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, आणि दोघांचं सांगणं जुळलं नाही तर कॉम्प्युटर कोणावरच विश्वास ठेवत नाही. ट्रकचं पेडल आणून बसवलं आणि इंजिन गरजलं. मी गॅरेजमध्ये अक्षरशः नाचले. वीस वर्षांच्या नोकरीत माझा कुठलाही प्रोग्रॅम असा आवाज करून चालला नव्हता.

पहिली फेरी आमच्या शेतातल्या रस्त्यावर घेतली. आई पुढच्या सीटवर बसायला निघाली होती. मिस्त्रीनं तिला हाताला धरून मागं घेतलं. “काकू, आज कोणी नाय. ती एकटीच जाईल.” मला राग आला होता.

दुसऱ्या गिअरमध्ये हौदाच्या वळणावर मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. जुनी फियाट अशा वेळी आपोआप दबायची, कारण पेट्रोल इंजिनाचा श्वास कोंडला की ते गाडीला मागं ओढतं. ही दबली नाही. क्लच न दाबता मी हलका ब्रेक लावला. फेऱ्या खाली आल्या तसं कॉम्प्युटरला वाटलं, इंजिन बंद पडतंय. त्यानं आपलं कर्तव्य केलं आणि डिझेल वाढवलं. मी थांबवतेय आणि तो ढकलतोय. चारी चाकांचे जुने ड्रम ब्रेक त्या भांडणात कमी पडले. गाडी हौदाच्या कठड्यावर जाऊन आदळली. वेग फार नव्हता. माझं कपाळ फुटलं, चार टाके पडले. डाव्या बाजूचा पत्रा सीटपर्यंत आत आला होता. आई तिथंच बसणार होती.

मी त्या रात्री झोपले नाही. त्या इंजिनात काहीच बिघाड नव्हता, ब्रेकही ज्या गाडीसाठी केले होते तिच्यापुरते ठीक होते. प्रत्येक भाग आपापल्या घरी शहाणा होता. मी त्यांना एकत्र आणलं, पण एकमेकांची ओळख करून दिली नाही. माझ्या नोकरीत हेच मी नव्या मुलांना शिकवते, आणि स्वतःच्या आईला त्या सीटवर बसवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं आणखी एक गोष्ट ऐकवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. म्हणजे बारामतीच्या आरटीओत या गाडीचे कागद झालेच नसते. मी म्हटलं, “आधी का नाही बोललास?” तो म्हणाला, “बोललो व्हतो. पहिल्याच दिवशी. तू लॅपटॉप उघडत व्हतीस.”

खरं होतं ते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं. पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली. कौतुक आणि नियम या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आम्ही इंजिन उतरवलं. मूळ १०८९ सीसीचं इंजिन खोलून बोअर केलं, ब्रेक संपूर्ण नवे केले, पत्रा सरळ केला, फरशीचं भोक बुजवलं. कागद नव्यानं झाले. आज आई त्याच गाडीतून इथं आली आहे. वाटेत एकदाही पाणी ओतावं लागलं नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं.

आता कर्जाबद्दल. नववीत असताना इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेला पहिलं बक्षीस मिळालं होतं. जुन्या मोपेडचं इंजिन कापून आतला पिस्टन फिरताना दाखवणारं मॉडेल. ते मिस्त्रीनं केलं होतं. चार रात्री जागून, हॅक्सॉच्या पात्यानं. मी फक्त परीक्षकांपुढं बोलले, कारण माझा पहिला नंबर असायचा आणि मला पाठ होतं. प्रमाणपत्रावर एकच नाव आलं, माझं. सर, तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, “सगळं तूच केलंस ना?” मी ‘हो’ म्हणाले होते. इंजिनिअरिंगच्या मुलाखतीतही मी ते प्रमाणपत्र दाखवलं. तीस वर्षांत त्यानं एकदाही विषय काढला नाही. मी आज सर्वांसमोर काढते आहे. ते मॉडेल माझं नव्हतं.

छोट्या हत्तीचं ते इंजिन आम्ही दोघांनी लोखंडी स्टँडवर बसवलं आहे, वायरिंग, पेडल आणि कॉम्प्युटरसह. ते आजपासून शाळेचं. प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली आहे, म्हणजे मुलांना कुठला सेन्सर काय सांगतो ते दिसेल. महिन्यातून एक शनिवार मिस्त्री शिकवायला येणार आहे. मी जमेल तेव्हा येईन, आणि त्याला विचारून बोलेन. स्टँडवरच्या पाटीवर त्याचं नाव आहे. छापू नको म्हणाला होता, कोरू नको म्हणाला नव्हता.

चहाच्या वेळी इंजिन चालू करून दाखवणार आहोत. सर, पहिला सेल्फ तुम्ही मारावा, अशी आम्हा दोघांची विनंती आहे.