उंबरठ्यावर अडलेला गर्भ

गर्भाशय हें घर मानलें, तर गर्भाशयमुख हा त्याचा उंबरठा. क्वचित् गर्भ घरांत न रुजतां उंबरठ्यावरच रुजतो. अस्थानीं राहिलेल्या शंभर गर्भांत असा एकहि सांपडणें कठीण.

वेदनेवांचून रक्तस्राव हें त्याचें मुख्य लक्षण. मंडळी ‘गर्भपात झाला’ असें समजतात. तेथेंच घात होतो. गर्भाशयाचे स्नायु आकुंचन पावून रक्त थांबवितात. मुखाशीं तसे स्नायु अल्प. तेथें खरडण्याचें शस्त्र लागलें, कीं रक्त आवरत नाहीं. पूर्वीं स्त्रीचे प्राण वांचविण्यास बहुधा गर्भाशयच काढावें लागे.

१९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनीं ध्वनिलहरींनीं उदराचें अंतरंग पाहण्याची विद्या प्रसिद्ध केली. आज त्या सोनोग्राफींत रिकामें गर्भाशय आणि फुगलेल्या मुखांतील गर्भपिशवी स्पष्ट दिसते. निदान लवकर झाल्यास बहुधा मेथोट्रेक्सेट या औषधानें वाढ थांबवितात व रक्तांतील एचसीजी उतरेपर्यंत तपासण्या करितात. स्राव वाढल्यास नळीच्या टोंकाचा फुगा फुगवून दाब देतात, किंवा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आंतून बंद करितात. असा गर्भ सहसा टिकत नाहीं. वेळेवर उपचार झाल्यास माता व तिचें गर्भाशय मात्र बहुधा वांचतें.

म्हणून गर्भवतीस रक्त दिसल्यास, दुखत नाहीं एवढ्यावर घरांत स्वस्थ बसूं नये. आणि वैद्यानेंहि आधीं पाहावें, मग शस्त्र धरावें.